36 नंबर ब्लाउजचा असतो, ब्राचा नाही

प्रश्न थोडक्यात असा: वय 38, दोन मुलं, धाकटं पाच वर्षांचं. शाळेत शिक्षिका, आठवड्यातून तीन दिवस साडी, बाकीचे दिवस कुर्ता. दहा-बारा वर्षं 36बी वापरतेय. खांद्यावरच्या पट्ट्या सारख्या घसरतात, मागून ब्रा वर चढते आणि पट्ट्या आवळल्या की संध्याकाळी खांद्यांवर वळ उठतात. टी-शर्ट ब्रा आणली तर कपच्या वरच्या बाजूला पोकळी राहते. मोबाईलवर बघायला गेलं तर बाल्कनेट, प्लंज, मिनिमायझर, ब्रालेट अशी नावंच नावं. सासूबाई म्हणतात तारेची घालू नको, गाठ होते. टेपने मोजलं तर छातीखाली 30 आणि छातीवर 37 इंच भरतं. नक्की कोणत्या प्रकारची घेऊ?

ताई, तुम्ही दोन्ही मापं दिलीत हे फार बरं केलंत. माझ्या काउंटरवर येणाऱ्या दहा जणींपैकी आठ जणी नुसतं “छत्तीस द्या” म्हणतात. तेही आवाज खाली घेऊन, दुकानात दुसरं कुणी नसलं तरी. हे छत्तीस कुठून आलं असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: “टेलरने सांगितलं.”

मी स्वतः आधी बारा वर्षं साताऱ्यात ब्लाउज शिवले आणि मग खणआळीजवळ आतल्या कपड्यांचं दुकान टाकलं, त्यामुळे ही चूक कशी होते ते मला दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे. टेलर टेप फिरवतो ती छातीच्या सर्वांत भरलेल्या भागावरून. ते ब्लाउजचं माप. ब्राच्या लेबलवरचा आकडा छातीखालच्या घेराचा असतो, म्हणजे जिथे बेल्ट बसतो तिथला. (आम्ही दुकानात छातीखालून पाठीकडे जाणाऱ्या भागाला बेल्ट म्हणतो आणि खांद्यावरच्यांना पट्ट्या. इथेही तसंच लिहिते, म्हणजे घोळ होणार नाही.) हे दोन आकडे एकमेकांत मिसळले की बेल्ट सैल येतो आणि पुढचे सगळे त्रास तिथून सुरू होतात.

तुमच्या 30 आणि 37वरून आपल्याकडच्या बहुतेक कंपन्यांच्या तक्त्यात तुम्ही 34सी किंवा 34डीमध्ये बसता. छातीखाली 30 भरत असताना 34 कसं, असं वाटेल. आपल्याकडे लेबलवरचा आकडा प्रत्यक्ष इंचापेक्षा चारेकने मोठा धरायची पद्धत आहे. याच मापांवर एखादं इंग्लंडच्या पद्धतीचं कॅल्क्युलेटर तुम्हाला 30एफ सांगेल. तेही त्यांच्या हिशोबाने बरोबर असतं, घाबरू नका. म्हणूनच ऑनलाइन घेताना लेबलचा आकडा धरून बसू नका, त्या त्या कंपनीच्या तक्त्यात छातीखालच्या मापाचा रकाना बघा.

आणि 36बी इतकी वर्षं चालली कशी? कारण 36बी आणि 34सी यांच्या कपमध्ये मावणारं आकारमान जवळजवळ सारखं असतं. बेल्ट एक नंबरने कमी केला की तेवढ्याच जागेसाठी कपचं अक्षर एकाने पुढे जातं. त्यामुळे तुमचा कप फार चुकला नव्हता, चुकला होता बेल्ट. “सी” किंवा “डी” ऐकून कानावर हात ठेवणाऱ्या बायका मी रोज बघते. एकटं अक्षर काही सांगत नाही. 32डीचा कप 38डीच्या कपापेक्षा बराच लहान असतो.

बेल्टचं महत्त्व आपल्याकडे कुणी सांगतच नाही. छातीचं बहुतेक वजन बेल्टने उचलायचं असतं, पट्ट्यांनी फक्त कप जागेवर धरायचा. बेल्ट सैल असला की तो पाठीवर वर चढतो, पुढून कप खाली लोंबतो, आपण पट्ट्या आवळतो, त्याने मागचा बेल्ट आणखी वर ओढला जातो. तुमच्या खांद्यावरच्या वळांची गोष्ट एवढीच आहे. घरी एक करून बघा: ब्रा घालून दोन्ही पट्ट्या खांद्यावरून उतरवा आणि आरशासमोर उभ्या राहा. बेल्ट बरोबर असेल तर ब्रा थोडी सैलावेल, पण जागा सोडणार नाही. तुमची 36बी बहुतेक दोन बोटं खाली येईल.

नवीन ब्रा घेताना ती सर्वांत बाहेरच्या, म्हणजे सैल हुकांवर नीट बसली पाहिजे. आतल्या हुकांच्या रांगा पुढच्या महिन्यांसाठी असतात, इलॅस्टिक ढिलं पडत जाईल तसं आत सरकायचं. दुकानातच सर्वांत आतल्या हुकावर बसवून “छान बसली” म्हणणाऱ्या विक्रेतीकडून घेऊ नका. बेल्टखाली दोन बोटं जायला हवीत, मूठ जायला नको.

आणखी एक सवय लावा. ब्रा घातली की किंचित पुढे वाका आणि काखेकडे सरकलेला भाग हाताने कपमध्ये घ्या, मग सरळ व्हा. वर्षानुवर्षं लहान कप घालून तो भाग काखेत जाऊन बसलेला असतो आणि बायका त्याला चरबी समजतात. असं करून कपच्या वरच्या कडेवर फुगवटा आला तर एक अक्षर पुढे जा. तुमच्या बाबतीत सी आणि डीमधला निर्णय इथेच होईल. एक बाजू दुसरीपेक्षा मोठी असणं अगदी सर्रास आढळतं. मोठ्या बाजूला बसेल तो कप घ्यायचा आणि लहान बाजूची पट्टी थोडी आवळायची.

आता प्रकारांकडे येऊ, आणि तुमच्या त्या पोकळीकडे.

टी-शर्ट ब्राचा कप साच्यात घडवलेल्या फोमचा असतो. त्याला स्वतःचा आकार असतो, कपाटात ठेवली तरी तो तसाच उभा राहतो. तुमचा आकार त्याच्याशी जुळला तर उत्तम, नाही जुळला तर तो कप तुमच्यासाठी वाकणार नाही. दोन बाळंतपणं झाली, अंगावर पाजलं, की पुष्कळ जणींचा वरचा भाग थोडा रिता होतो आणि भरीवपणा खाली उतरतो. अशा छातीवर उंच, पूर्ण झाकणारा फोमचा कप घातला की वर पोकळी राहणारच. बायका म्हणतात “कप मोठा झाला”, म्हणून लहान घेतात. मग खालून दाटतं आणि वरची पोकळी तशीच. कप मोठा नसतो, उंच असतो.

अशा वेळी मी दोनच गोष्टी काढून दाखवते. एक, बाल्कनेट किंवा डेमी. हिचा कप वरून आडवा कापलेला असतो, वरचा रिता भाग झाकायला जातच नाही. नाव ऐकून ही तरुण मुलींची फॅशन वाटते, पण माझ्याकडून ती सर्वांत जास्त नेतात त्या पस्तिशीपुढच्या बायका. फक्त हिच्या पट्ट्या कपच्या बाहेरच्या टोकांना असतात, त्यामुळे उतरते खांदे असतील तर घसरतात. तुमची पट्ट्यांची तक्रार बेल्ट बदलल्यावर थांबली तर प्रश्नच नाही. नाही थांबली तर पाठीमागे पट्ट्या जवळ आलेली, म्हणजे मागून इंग्रजी यूसारखी दिसणारी बघा.

दोन, शिवणीचा कप. कापडाचे दोन-तीन तुकडे जोडून केलेला, फोम नसलेला. तुम्ही कधी कटोरी ब्लाउज शिवून घेतला असेल तर तुम्हाला हे लगेच कळेल. प्रिन्सेस कटमध्ये एक लांब शिवण खालपर्यंत जाते, साध्या चोळीला टक्स, म्हणजे टोकाकडे निमुळत्या होणाऱ्या चुण्या, घालून भागवतात, आणि कटोरीत खरोखर वाटी कापून बसवतात. ज्या टेलरला कटोरी जमते तिला ब्राचा कप समजवावा लागत नाही. शिवणीचा कप अंगाचा आकार घेतो आणि खालच्या तुकड्याने वर उचलतो. आपल्याकडची जुनी साधी कॉटनची ब्रा याच जातीची, आपण उगाच तिला आजीची म्हणून नाकं मुरडतो. तोटा एकच: अंगासरशी कपड्यातून शिवण दिसते. कॉटनच्या कुर्त्यातून किंवा ब्लाउजमधून दिसत नाही.

साडीच्या दिवसांचं वेगळं सांगते, कारण परदेशी सल्ल्यांत हे कुठेच नसतं. आपला ब्लाउज ब्रावर बेतलेला असतो. टेलर खांद्यापासून टक्सच्या टोकापर्यंत जी उंची मोजते ती त्या दिवशी तुम्ही घातलेल्या ब्रावर ठरते. सैल ब्रा घालून माप दिलंत आणि नंतर नीट उचलणारी घातलीत तर टोक अर्धा-पाऊण इंच वर जातं, आणि ब्लाउजचा टक्स खाली रिकामा सुरकुततो. म्हणजे 34मध्ये गेल्यावर तुमचे काही जुने ब्लाउज बिघडल्यासारखे दिसतील. ब्लाउज बिघडलेले नसतात.

मी हे एका लग्नात शिकले. तेव्हा शिलाई करत होते. नवरीच्या आईचा पैठणीवरचा ब्लाउज, माप घ्यायला बाई आल्या त्या धुऊन धुऊन विरलेल्या कॉटनच्या ब्रावर. लग्नाच्या सकाळी कुणीतरी आणून दिलेली जाड फोमची नवी ब्रा घातली. हूक लागेनात. मला कार्यालयात बोलावलं, तिथल्या पाणी तापवायच्या खोलीत बसून मी दोन्ही बाजूंची शिवण उसवली आणि आत ठेवलेली सगळी माया, म्हणजे शिवणीत राखलेलं जादा कापड, सोडली. बाहेर मंगलाष्टकं सुरू झाली होती. तेव्हापासून मी माप घेण्याआधी विचारायचे, “लग्नात हीच घालणार ना?” तुम्हीही ज्या ब्रावर ब्लाउज घालणार तीच घालून माप द्यायला जा. आणि कप लावलेला ब्लाउज शिवणार असाल तर त्याच्या आत फोमची ब्रा घालू नका, दोन फोम एकमेकांवर सरकत राहतात.

कुर्त्याच्या दिवसांना, विशेषतः पातळ किंवा अंगासरशी असेल तर, टी-शर्ट ब्राच ठीक. पण कमी उंचीच्या कपची आणि त्वचेच्या जवळच्या रंगाची. पांढऱ्या कुर्त्यातून पांढरी ब्रा उठून दिसते, हे मी वीस वर्षं सांगतेय आणि वीस वर्षं बायका पांढरीच मागतायत.

तारेचं बोलू. सासूबाईंचा समज एकट्या त्यांचा नाही, काळ्या ब्राने कॅन्सर होतो इथपर्यंत लोक सांगतात. ब्रा घालण्याचा, तारेचा किंवा रंगाचा कॅन्सरशी संबंध दिसलेला नाही. अमेरिकेत सिएटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्राने 2014 साली याच प्रश्नावर अभ्यास प्रसिद्ध केला. पाळी गेलेल्या बायकांना किती वर्षं, दिवसाचे किती तास, कुठला कप, तारेची की बिनतारेची असं सगळं विचारलं, आणि काही नातं सापडलं नाही. गाठ लागली, कातडीला खळी पडली, बोंडातून स्राव आला तर ब्रा बदलत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

तार टोचते ती मापाच्या चुकीने. ती छातीखालच्या घडीत, बरगडीवर बसायला हवी. काखेखालच्या टोकाशी बोटाने दाबून बघा. बोटाखाली हाड लागलं तर बरोबर. मऊ लागलं तर तार छातीवरच बसलीय, कप लहान आहे. पुढे दोन कपांच्या मधला तुकडा छातीच्या हाडाला टेकला पाहिजे, अधांतरी राहता कामा नये. हे जमलं तर तार आहे हे तासाभरात विसरायला होतं. तरीही मनात शंका असेल तर बिनतारेची घ्या, तुमच्या मापाला चांगला शिवणीचा कप पुरेसा आधार देतो. बाळंतपणानंतर पहिले काही आठवडे मात्र तार नकोच. तेव्हा छाती दिवसातून तीन वेळा आकार बदलते आणि तार दाबली तर दुधाची वाट अडू शकते. छातीवर शस्त्रक्रिया झाली असेल किंवा किरणोपचार चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच घेऊ नका. स्तन काढलेल्या बायकांसाठी आतून खिसा असलेल्या ब्रा मिळतात, खिशात कृत्रिम आकार बसतो. हे पुष्कळ जणींना माहीतच नसतं, त्या रुमाल कोंबत असतात. म्हणून लिहिलं.

मिनिमायझरबद्दल गैरसमज फार. ती छाती कमी करत नाही, पसरवते. पुढचा उठाव एखाद इंचाने कमी होतो आणि तेवढा भाग बाजूला, काखेकडे जातो. शर्टाच्या बटणांमध्ये फट पडत असेल तर उपयोगी. साडीच्या ब्लाउजखाली मात्र ती काखेत दाटते. तुमच्या मापाला गरज नाही.

प्लंज खोल गळ्यासाठी. तुमच्यासारख्या वरून रित्या आकाराला ती बसतेही बरी, पण रोजच्याला नको. पुशअप म्हणजे कपच्या तळाला जास्तीचा फोम, हौसेला घ्या. ब्रालेट म्हणजे बिनतारेची, मऊ, ती घरात, झोपताना. बिनपट्ट्यांची घेतलीत तर बेल्ट आणखी एक नंबर घट्ट लागतो, नाहीतर समारंभभर काखेत हात घालून वर ओढत बसावं लागतं.

स्पोर्ट्स ब्रा तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगते, शाळेत आहात म्हणून. आमच्याकडे पोलीस भरतीच्या 800 मीटरची तयारी करणाऱ्या मुली येतात. पहाटे रस्त्यावर पळतात, आत साधी कॉटनची ब्रा, कधी एकावर एक दोन. पळताना छाती वरखाली तर हलतेच, शिवाय आजूबाजूला आणि पुढेमागेही. साध्या ब्राला ते झेपत नाही. मुली खांदे पुढे काढून, हात अंगाशी धरून पळतात आणि दम लवकर लागतो. यातली एक मला म्हणाली होती, “काकू, मला वाटलं सगळ्यांनाच दुखतं.” पहिली स्पोर्ट्स ब्रा अमेरिकेत 1977 साली तिघींनी मिळून बनवली, तीसुद्धा पुरुष खेळाडूंचे दोन सपोर्टर, म्हणजे खेळताना आत घालायचे आधाराचे लंगोट, एकत्र शिवून! लहान छातीला सरसकट दाबून धरणारी चालते. सीच्या पुढे दोन वेगळे कप असलेली आणि मागे हूक असलेली घ्यावी. शाळेतल्या खेळाच्या बाईंना एवढं सांगितलंत तरी काही मुलींचं पळणं सोपं होईल.

कापडाचं म्हणाल तर आपल्या उन्हाला रोजची ब्रा कॉटनची, थोडं ताणणारा धागा मिसळलेली. छातीखालच्या घडीत घाम साचून लाल चट्टे येतात, खाज सुटते. तिथे पावडर थापण्यापेक्षा घडी कोरडी करून कोरडी ब्रा घालणं जास्त उपयोगी. आणि कोरडी म्हटलं की वाळवण्याचं आलंच. घरोघरी ब्रा दोरीवर टॉवेलखाली किंवा परकराखाली झाकून वाळते, म्हणजे वाळतच नाही. जुलैत आमच्या साताऱ्यात तर दोन दिवसांनी कुबट वास यायला लागतो आणि बायका तशीच अंगात घालतात. निदान गॅलरीच्या आतल्या बाजूला, वारा लागेल अशी लावा. पट्ट्यांनी टांगू नका, ओल्या वजनाने त्या लांबतात. मधल्या तुकड्यावर दोरीवर टाका. कढत पाणी, पिळणं आणि मशीन या तिन्हींनी इलॅस्टिक मरतं. मशीनमध्ये टाकायचीच झाली तर हूक लावून जाळीच्या पिशवीत. आणि एकच ब्रा लागोपाठ दोन दिवस घालू नका, इलॅस्टिकला मूळ जागी यायला वेळ लागतो.

तर तुमची खरेदी: 34सी आणि 34डी दोन्ही घालून बघायच्या, आणि ज्या दुकानात घालून बघू देत नाहीत तिथून निघायचं. बरोबर एक नेहमीचा ब्लाउज आणि एक पातळ कुर्ता न्या, ब्रावर ते घालून फळ्यावर लिहिता तसा हात वर करा. बेल्ट जागेवर राहिला पाहिजे. साडीसाठी शिवणीच्या कपच्या दोन, कुर्त्यासाठी त्वचेच्या रंगाची कमी उंचीची टी-शर्ट ब्रा किंवा बाल्कनेट एक. आधी या तीनच. महिनाभर वापरा, मग आणखी घ्यायच्या का ते ठरवा.

पहिले तीन-चार दिवस बेल्ट घट्ट वाटेल, कारण दहा वर्षं सैल घातलीय. श्वास घेताना अडलं किंवा कातडीला खोल खाच पडली तर मात्र ती खरंच घट्ट आहे, बदलून घ्या. जुन्या 36बीपैकी बऱ्यातल्या दोन ठेवा. पाळीच्या आधी छाती जड होते, त्या दिवसांत घरात त्याच बऱ्या वाटतील.